चादरीवरची दुसरी ओल

१

लोकांची घाण धुणं हाच माझा धंदा, म्हणून मला किळस येत नसेल असं कुणी समजू नये. येते. रोज येते. आमच्या लॉन्ड्रीत लॉजच्या चादरी येतात, वसतिगृहाच्या येतात आणि एका बऱ्यापैकी हॉटेलच्या येतात. सगळ्यांत घाण असतात त्या बऱ्यापैकी हॉटेलच्या. सूटबूट घालणारी माणसं चादरीला बूट पुसतात, नाक पुसतात, आणखी काय काय पुसतात ते सांगितलं तर तुमचा घास खाली उतरायचा नाही. मी शिव्या देत धुते. तोंड चाललं की हातही चालतो.

एकच सुख आहे. मला वास येत नाही. ब्लीचच्या वाफेत जन्म गेला, त्यात नाक मेलं. भोपूचंही मेलंय. भोपू म्हणजे आमचा मशीनवाला. मशीनच्या घरघरीत ओरडून ओरडून त्याला आता साधं बोलणं जमतच नाही, घरी बायकोकडे पाणी मागितलं तरी शेजारी खिडक्या लावून घेतात. मालकाला नाक आहे, पण तो आत पाऊल टाकत नाही. दारातूनच रुमाल लावून विचारतो, "झालं का?"

म्हणून आमच्याकडे एक रीत आहे. घडीच्या खोलीत नेहमी नव्या बाईला बसवायचं. तिचं नाक अजून जिवंत असतं. तिनं प्रत्येक गठ्ठ्याला नाक लावायचं आणि एक तर 'जाऊ दे' म्हणायचं, नाहीतर 'परत' म्हणायचं. 'परत' म्हटलं की गठ्ठा परत मशीनमध्ये. वाद घालायचा नाही. मेलेल्या नाकाच्या माणसांनी वाद घालायचा तरी कशाच्या जोरावर?

त्या खोलीतलं नाक माझ्या धाकट्या बहिणीचं होतं.

२

धाकटी माझ्या कडेवर वाढली. आई गेली तेव्हा तिला नीट चालताही येत नव्हतं. मी तिला भरवलं, धुतलं, शाळेत पोचवलं, लग्न लावलं, आणि नवरा हात उचलतो हे कळल्यावर जाऊन तिला परतही आणलं. त्याच्या दारात मी काय बोलले ते त्या गल्लीत अजून पाठ असेल. तेव्हापासून ती माझ्या खोलीत राहायची आणि माझ्याबरोबर लॉन्ड्रीत यायची. माझ्या उलट, सदा हसरी. मी शिव्या द्यायला लागले की म्हणायची, "ताई, चादरीला कान असते तर तुझ्या तोंडानंच पांढरी पडली असती."

दुपारी डबे खाल्ले की आम्ही दोघी घडीच्या खोलीत पाठ टेकायचो. खाली न धुतलेल्या पडद्यांचे गठ्ठे, वर एकेक धुतलेली चादर, डोक्यावरून पार पायांपर्यंत. तोंड झाकलं नाही तर कापडाचे बारीक तंतू नाकातोंडात जातात. उठलं की त्या चादरी पुन्हा धुवायला. तोंडाशी श्वासाची ओल धरलेली असते, एवढी, पुरीएवढी. झोपलेल्या माणसाच्या चादरीवर ती असतेच.

एका दुपारी धाकटीची चादर मी उचलली तर ओलीच्या दोन खुणा होत्या. एक तोंडाच्या जागी. दुसरी खाली, डाव्या खांद्याच्या जागी, तेवढीच.

"काय गं, खांद्यातून लाळ गाळतेस?"

"तूच कड बदलताना तोंड पुसलं असशील," ती हसत म्हणाली.

मी बोट लावून बघितलं. चिकट होती. श्वासाची ओल चिकट नसते. शी म्हणून मी चादर टोपलीत फेकली आणि हात साबणानं धुतला.

संध्याकाळच्या पहिल्या गठ्ठ्याला नाक लावून धाकटी म्हणाली, "परत."

३

मग सगळंच परत. लॉजचं परत, वसतिगृहाचं परत. जे चार वेळा धुतलं तेही परत. धाकटी नाकाशी पदर धरून बसायची आणि मान हलवायची.

"कसला वास गं?" मी विचारलं.

"गोडसर. कुजलेला. केस जळल्यावर येतो तसा, पण ओला."

आता इथं कुठल्याही शहाण्या घरात काय झालं असतं? शेजारचा नाक वर करून म्हणाला असता, मला तर काही येत नाही. मामला तिथंच कळला असता. पण आमच्यात तिच्याइतकं चांगलं नाक कुणाचंच नव्हतं. आम्ही तिच्यावर विश्वास ठेवला. साबण बदलला. पाण्याची टाकी घासली. भोपूनं मोरीचं झाकण काढून खांद्यापर्यंत हात घातला आणि केसांचा, सुतांचा, कसल्याशा पांढऱ्या चरबीचा असा एक बोळा बाहेर काढला की मी तिथंच ओकले. "सापडलं!" भोपू आनंदानं ओरडला. धाकटीनं तो बोळा हुंगला, अगदी जवळून, आणि म्हणाली, "हा नाही."

मालक दारातून रुमालाआडून म्हणाला, "मला तर ब्लीचशिवाय काही येत नाही."

"तुम्ही आत या, मग बोला," मी म्हणाले. तो आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, हे मला मागाहून कळलं.

धाकटीचं डोकं दुखायचं. अंग गरम लागायचं. पण इस्त्रीच्या रोलरशेजारी गार अंग कुणाचं असतं?

मग ती माणसं हुंगायला लागली. भोपू गठ्ठा ठेवायला वाकला की त्याच्या मानेशी नाक न्यायची. तो लाजून लाल व्हायचा. एकदा मी रोलरवर असताना मागून माझ्या मानेवर तिचा श्वास लागला. कडकडीत गरम.

"तुझ्यात नाही अजून," ती म्हणाली. समाधानानं म्हणाली, गठ्ठ्याला 'जाऊ दे' म्हणायची तशी.

४

गल्लीतल्या डॉक्टरनं तिची नाडी धरली आणि माझ्याकडून तिची कहाणी ऐकली. "संसार मोडला की मनाला लागतंच," तो म्हणाला. "भास होतात. झोपेची गोळी देतो." मलाही ते पटलं. नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायला निमित्त मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "दार दे, तोंड पुसते."

"काय?"

"दार गं. दार." दोरीवरच्या टॉवेलकडे बोट. मी दिला. तिनं तोंड पुसलं, मग माझ्याकडे बघत राहिली. ओळखीच्या माणसाला शोधत आपण गर्दीकडे बघतो तशी.

"ताई कुठं गेली?" तिनं मला विचारलं.

"ही काय, मी."

तिनं वाकून मला हुंगलं. "वास तिचाच आहे," ती म्हणाली. मग तिचे ओठ चपचप हलायला लागले, काहीतरी चघळल्यासारखे. डोळे एका बाजूला गेले आणि ती जमिनीवर ताठ होऊन झटके द्यायला लागली. तोंडातून फेस आला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन असं काही बोंबलले की भोपूचासुद्धा आवाज फिका पडला असता.

५

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होती आणि तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. तिनं आधी धाकटीच्या बोटाला टोचून साखर बघितली. मग मान उचलून छातीकडे वाकवली, दोन्ही हात वर करून धरले, ओठांचे कोपरे बघितले. मी मागे उभी राहून सगळ्यावर नजर ठेवून होते.

"दारू? कसल्या गोळ्या?"

"चहा पिते. तोही अर्धा कप."

"ताप कधीपासून?"

"ताप नव्हता."

"आत्ता चांगलाच आहे. आधी हात लावून बघितलात?"

"आमच्याकडे सगळ्यांचीच अंगं तापलेली असतात, बाई. एक दिवस रोलरजवळ उभ्या राहा."

ती चिडली नाही. स्टूल ओढून माझ्यासमोर बसली आणि घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगत गेली. साखर उतरली की माणूस बरळतं, पण हिची ठीक होती. मेंदूत रक्त अडलं की बहुधा एक हात पडतो, तोंड वाकडं होतं. तसंही दिसत नव्हतं. मेंदूच्या वरच्या आवरणाला सूज आली तर मान ताठते, उजेड सोसत नाही, पण माणूस बराच काळ भानावर राहतं. "आणि मेंदूलाच सूज आली तर माणूसच बदलतं. बोलणं बदलतं, ओळख जाते, झटके येतात. घरच्यांना वाटतं वेड लागलं. पण असा ताप आणि असे झटके नुसत्या मनाच्या आजारात येत नाहीत."

मग मी वासाचं सांगितलं. बोलताना तिच्या हातात सारखं हलणारं पेन तिथं थांबलं.

"बाकी कुणाला येत होता?"

"आमची नाकं मेलीत."

"म्हणजे," ती हळू म्हणाली, "वास नाहीये हे सांगणारं कुणी नव्हतंच."

एवढंच. दोष नाही दिला. दिला असता तर मी भांडले तरी असते.

"इथं," तिनं स्वतःच्या कानाच्या वर बोट ठेवलं, "आतल्या बाजूला वास ओळखणारी जागा असते. तिथं सूज आली की नसलेला वास येतो. पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल, मेंदूचा फोटो, लहरींची तपासणी. पण रिपोर्टची वाट बघत बसले तर आतलं जळत जाईल. औषध आत्ताच सुरू करते. चालेल?"

पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळं पडतं असं मी ऐकलं होतं. ते मी बोलून दाखवलं. ती म्हणाली, "नाही पडत. न काढता चुकीचं औषध दिलं तर मरतं."

मी अंगठा नाही, सही करते. केली. आणि मग का कोण जाणे, विचारलं, "बाई, आणि खरंच वास असला तर?"

"तर दुसऱ्या कुणाला तरी यायलाच हवा," ती म्हणाली.

६

रिपोर्ट तिच्या म्हणण्यासारखेच आले. फोटोत कानाच्या बाजूचा भाग पांढरा दिसत होता. पाठीच्या पाण्यात जंतू सापडला. मला इतकं बरं वाटलं की मी तिथल्या बाकावर बसून रडले. आजाराला नाव मिळालं. वास नव्हता. धाकटी वेडी नव्हती. आम्ही मोरीत हात घालत बसलो होतो, मूर्ख, पण वेळेत आलो होतो.

औषध सलाईनमधून आठवडेच्या आठवडे चाललं. ताप उतरला. झटके थांबले. एका सकाळी ती टॉवेलला टॉवेल म्हणाली, आणि मला ताई.

फक्त चादर.

दवाखान्यातली मावशी चादर बदलायला आली की कुरकुरायची. "सलाईन गळतंय बघा, खांद्याशी ओलं आहे."

सलाईन उजव्या हाताला होतं. ओल डावीकडे, भिंतीच्या बाजूला. पुरीएवढी.

"घाम असेल," मी म्हणाले.

"घामाला अशी तार येते का?" तिनं दोन बोटं लावून उचलली. बोटांमागे बारीक तार आली, चिकाची येते तशी, लांबली आणि तुटली. तिनं हात भिंतीला पुसला. असली घाण सवय बघून मी तिला चार शब्द सुनावले. तारेबद्दल काही बोलले नाही.

अंग पुसताना मी धाकटीचा डावा खांदा नीट बघितला. लहानपणीच्या लशीचा वण, बास. कोरडी, स्वच्छ कातडी. अंगावर काही नव्हतं. चादर घातली तरच ते होत होतं.

"खांदा दुखतो का गं?"

"नाही," ती म्हणाली. "वास गेला, ताई. कसलाच येत नाही आता. आमटीचाही नाही, औषधाचाही नाही."

डॉक्टरीणबाई म्हणाली, होतं असं, ती जागा भाजली गेलीय. कदाचित परत येईल, कदाचित नाही. जीव वाचला, बोलणं आलं, हे खूप झालं. घरी सोडताना, काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा म्हणून तिनं नंबर दिला. मी तिचे हात हातात घेतले. असं मी कुणाचे घेत नाही.

७

आता तिचंही नाक मेलं म्हटल्यावर मालकानं घडीच्या खोलीत दुसरी बाई आणली. धाकटी घड्या घालायची, नव्या बाईनं हुंगायचं. नवी बाई धट्टीकट्टी, पान खाणारी. आल्या आल्या तिनं धाकटीनं घातलेल्या घड्यांच्या गठ्ठ्याला नाक लावलं आणि तोंडावर हात दाबून बाहेर पळाली. गटाराशी वाकली होती ती बराच वेळ. पिशवी न्यायलासुद्धा आत आली नाही.

"दिवस गेले असतील!" भोपू आख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला.

"पन्नाशीची आहे ती, मेल्या."

"मग पान लागलं असेल."

धाकटी हसली. पूर्वीसारखंच हसली. मी तिच्याकडे बघत होते. घडी घालताना तिची मान किंचित डावीकडे कललेली असायची आता. खांद्याशी कुणी काही सांगतंय आणि ती ऐकतेय, तशी.

त्याच आठवड्यात, रोलरवर उभी असताना, मला वास आला.

मला. किती वर्षांनी! आधी वाटलं, नाक उघडलं. क्षणभर हरखले. मग तो घशात उतरला. गोडसर. कुजका. जळलेले केस, पण ओले. जीभ जाड झाली, तोंडात पाणी सुटलं. मी ब्लीचच्या डब्यात तोंड घालून श्वास घेतला. ब्लीचचा वास आला नाही. साबणाचा नाही, वाफेचा नाही. फक्त तो.

मी अडाणी असेन, पण डोकं ठिकाणावर ठेवते. डॉक्टरीणबाईनं केलं ते सगळं मी स्वतःवर केलं. मागच्या गल्लीत गेले, गार भिंतीला टेकून अंग निवू दिलं, चहावाल्या म्हातारीला कपाळाला हात लावायला सांगितला. "गार आहेस," ती म्हणाली. हनुवटी छातीला लावली, लागली. दोन्ही हात वर केले, राहिले. काचेत बघून दात दाखवले, ओठ सरळ. टॉवेलला टॉवेल म्हणाले, दाराला दार. शंभरापासून उलटे आकडे म्हटले. म्हातारी हसायला लागली.

माझ्यात काही नव्हतं. बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

८

दुपारी धाकटी नेहमीसारखी घडीच्या खोलीत आडवी झाली. चादर डोक्यावरून पायांपर्यंत. मी फोन हातात घेऊन दारात उभी होते. नंबर लावायचा एवढंच काम. पण डॉक्टरीणबाई पहिल्यांदा विचारणार, पेशंट कोण? तुम्ही की बहीण? तिचे रिपोर्ट चांगले. मी धडधाकट. मग आजारी कोण आहे या खोलीत?

बाहेर मशीन गरगरत होतं. झरोक्यातून उजेड पडला होता, तंतू तरंगत होते. धाकटीच्या तोंडावरची चादर संथ आत जायची, संथ बाहेर यायची. झोपलेल्या माणसाची असते तशी. मी तिच्याकडे बघत राहिले. ती लहान असताना मी अशीच बघत बसायची, श्वास चालू आहे ना म्हणून.

मग खाली दिसलं.

डाव्या खांद्याच्या जागी कापड ओलं झालं होतं आणि तेही आत-बाहेर होत होतं. पण संथ नाही. भराभर. आत, आत, आत, बाहेर. कुत्रं जमीन हुंगतं तसं. ओल्या कापडाला मध्ये खळगा पडायचा आणि चिकटून राहायचा, मग चट्ट आवाज होऊन सुटायचा.

मी एक पाऊल बाजूला सरकले. खळगाही सरकला. माझ्या बाजूला.

घाण मी आयुष्यभर हातांनी उचलली आहे. रक्त, ओक, विष्ठा, सगळं. पण त्या दिवशी माझ्या हातांच्या तळव्यांनासुद्धा किळस आली. वास इतका दाट झाला की दातांना लागत होता.

"ताई," ती म्हणाली.

मी हातानं नाक दाबलं.

"आता तुलाही येतोय ना?"

आवाज तिचाच. लाडात आली की लावते तो. मी मान हलवली असेन, नसेन, चादरीआडून काय दिसणार होतं?

"बरं झालं," ती म्हणाली. "एकटीला फार किळस यायची."

वरची चादर, तोंडावरची, तशीच संथ चालली होती. आत. बाहेर. गाढ झोपलेल्या माणसाची. बोलताना जे कापड हललं ते खालचं होतं, खांद्यावरचं.

फोन कधी खिशात गेला कळलं नाही. मी चादर उचलली नाही. गुडघ्यांवर बसले आणि ती दोन्ही बाजूंनी अंगाखाली खोचली, लहानपणी खोचायची तशी, घट्ट. खांद्याशी खोचताना बोटांना काहीतरी गरम लागलं आणि त्यानं माझी बोटं हुंगली. मी हात मागे घेतला नाही. तोंडात आलेलं गिळलं आणि तिच्या शेजारी बसून राहिले.

माझी धाकटी त्या चादरीखाली होती. तिला त्याच्याजवळ एकटी टाकून मी जाणार तरी कुठं?